जाकिटानं थंडी जात नाई

"या जाकिटानं थंडी जात नाई," वारलू चौथ्यांदा म्हणाला आणि जॅकेट खुंटीला अडकवून मोकळा झाला. अंगावर पुन्हा तीच जुनी चादर. तिला इतकी भोकं, की पलीकडचा माणूस ओळखू यावा.

दिव्यानीनं कपाळाला हात लावला. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. दिवाळीनंतर बापाला न्यूमोनिया झाला, तेव्हा दहा दिवस तिनंच उशाशी बसून काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, आता छातीला गार वारा लागू देऊ नका, या वयात पुन्हा निभावणं कठीण. म्हणून तिनं बदकाच्या पिसांचं जॅकेट मागवलं. बर्फात जाणारी माणसं घालतात तसलं. आणि नागभीडजवळच्या या गावात, पौषाच्या थंडीत, ते तिच्या बापाला पुरत नव्हतं.

कारणं तरी किती. म्हणे त्याला वजनच नाही, वजन नाही त्यात ऊब कुठून येणार. म्हणे चालताना फसफस वाजतं. म्हणे शेकोटीची ठिणगी उडाली तर भोक पडेल. भोकांची काळजी कोणाला, तर ही चादर पांघरणाऱ्याला. पिसांनी थंडी जात असती तर कोंबड्या सकाळी अशा फुगून का बसल्या असत्या, असंही विचारून झालं. कोंबडी फुगते ती पिसांत हवा धरून ठेवायला, तीच हवा तिला ऊब देते आणि जॅकेटही तेच करतं, असं दिव्यानीनं समजावलं. वारलूनं मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी तिनं स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पातळ कुडत्यावर जॅकेट चढवून ती तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. मोबाइल आठ डिग्री दाखवत होता. पाण्यावरून वारा येत होता. अर्ध्या तासात तिची बोटं बधिर झाली, नाक गळायला लागलं. पण गळ्यापासून कमरेपर्यंत तिला अशी ऊब आली होती की शेवटी चेन थोडी खाली करावी लागली.

म्हणजे जॅकेट चोख होतं. बाप खोटं बोलत होता.

ती तणतणत उठली. बाप कुठे असेल ते तिला ठाऊक होतं. गावाची शेकोटी पाळीच्या खालीच, खळ्याजवळ पेटायची. येताना प्रत्येकानं एक लाकूड आणायचं आणि आगीत सारायचं. कुडकुडत येईल त्याला सरकून जागा द्यायची, मग तो कोणी का असेना. हा रिवाज ती लहानपणापासून पाहत आली होती. आज चार लोकांसमोर जॅकेट बापाच्या अंगात कोंबायचं, असं ठरवून तिनं ते काढून हातात घेतलं. थंडीनं तिचेच दात वाजायला लागले.

धानाच्या तणशीच्या ढिगाआड ती थांबली. वारलू नुकताच पोचत होता. काखेत लाकूड, अंगभर थरथर. शेकोटीभोवती सात-आठ जण बसले होते आणि त्यात पत्रू होता, तिचे मोठे बाबा, वारलूचा सख्खा भाऊ. सहा वर्षांपूर्वी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून दोघांचं बिनसलं. तेव्हापासून शब्द नाही. दिव्यानीची आई गेली तेव्हा पत्रूनं खांदा दिला, पण भावाशी न बोलताच तो घरी निघून गेला होता.

वारलू नेमका त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. पत्रूनं वर पाहिलं नाही. आगीत काडी खुपसत तो वीतभर सरकला. वारलू बसला. दोघांचे खांदे टेकले.

दिव्यानी आल्या पावली घरी परतली. तासाभरानं वारलू आला, तेव्हा तिनं जॅकेट त्याच्यापुढे टाकलं.

"बाबा, मोठे बाबाजवळ बसाले मिळावं म्हणून हे घालत नाई का तुम्ही?"

वारलूनं चुलीकडे तोंड केलं. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत दिव्यानी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दवाखान्यातून आलो तवा लय कुडकुडत होतो," तो म्हणाला. "तो सरकला. सहा सालात पहिल्यांदा. मंग तुयं जाकिट आलं. ते घालून गेलो. मले थंडी नाई वाजली, तो नाई सरकला."

दिव्यानीला रडू आलं आणि रडू आल्याचाच संताप आला. साठी ओलांडलेली दोन माणसं. एकाला बस म्हणता येत नाही, दुसऱ्याला बसू का विचारता येत नाही, आणि त्यापायी हिच्या बापानं छाती फुटेस्तोवर खोकायचं. वारा, फुप्फुसं, डॉक्टर, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं त्याला उठवलं. शर्टावर जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. वरून चादर दुमडून, भोकं झाकतील अशी गुंडाळली आणि एकही पीस, एकही शिवण कुठून दिसत नाही ना, हे दिव्यासमोर दोनदा फिरवून पाहिलं. वारलू मुकाट्यानं फिरला. मग तिनं एक लाकूड त्याच्या काखेत दिलं.

"जा आता," ती करवादली. "अन् तिथी पोचल्यावर चांगले कुडकुडजा."