गेटच्या आत

त्या सकाळीही चाकणला कंपनीच्या बसमधून उतरताना बाबांनी बजावलं, “गेटच्या आत मी तुझा बाप नाही. वशिल्यानं लागली म्हणतील.” आत मीही त्यांना ‘साहेबरावभाऊ’ म्हणायचे. पत्रा कापणारी प्रेस सुरू करण्याआधी त्यांनी नेहमीसारखा तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. परतताना मी चिडवलं, “नारळही फोडत जा.” बाबा हसले. “संध्याकाळी सगळ्यांची बोटं शाबूत घरी जावीत, एवढंच मनात म्हणतो.” दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. वर्षभरात भावाला मुलगी झाली, मी कंपनीत कायम झाले. दोन्हीदा पेढे त्यांच्या फोटोपुढे ठेवले. आता त्यांची प्रेस मी चालवते. आज नव्या मुलींना शिकवताना माझा तळहात आपसूक प्रेसवर टेकला, डोळे मिटले. एकीनं विचारलं, “मॅडम, हे कुणाकडून शिकलात?” गेटच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, “माझ्या बाबांकडून.”