उजवीकडची जागा

हिस्केच्या तळहातावर ज्येष्ठमधाची काळी, खारट गोळी विरघळायला लागली होती. हात तिनं वीबेच्या उजव्या गालाजवळ धरला होता. तो तिच्या डावीकडं बसून गाडी चालवत होता. घरी, हॉलंडात, सोफ्यावर त्याच्या डाव्या हाताला बसून गोळी नुसती पुढं केली की चिमणीच्या पिल्लासारखी त्याची चोच उघडायची. लग्नापासूनची रीत होती ती. आता हात अवघडला, तळवा काळा झाला, तरी त्यानं बघितलं नाही. शेवटी गोळी तिनं स्वतःच्याच तोंडात टाकली.

वायोमिंगचा रस्ता सरळ होता. दोन्ही अंगांना करडी झुडपं, वर आभाळ, आणि मधून हे भाड्याचं घर चाकांवर खडखडत निघालेलं. घरात चूल होती, बिछाने होते, कपाटात बश्या वाजत होत्या.

"बाबा, हरणं! उजवीकडं बघ, किती!" मागच्या बाकावरून मारिट ओरडली. आठ वर्षांची पोर, हरणांसाठीच आली होती.

"हं," वीबे म्हणाला. मान वळली नाही.

"बघ तरी रे. पोर एवढी सांगतेय," हिस्के म्हणाली.

"गाडी चालवू की हरणं मोजू?"

डेन्व्हरला गाडी ताब्यात घेतली तेव्हापासून तो असाच होता. पहिल्याच संध्याकाळी एका पाइनच्या फांदीनं गाडीची उजवी कूस ओरबाडली. "फांदीच खाली आलेली," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी हिस्केनं त्याच्या उजव्या हाताशी कॉफी ठेवली. ती गार होऊन गेल्यावर त्यानं विचारलं, "कॉफी करणार होतीस ना?"

"केव्हाची ठेवलीय. तुझ्या नाकासमोर."

"नाकासमोर काही नाहीये बाई," तो म्हणाला, आणि हसला. तिला हसू आलं नाही.

ती काही दाखवायची, तो रस्ता बघायचा. ती हात पुढं करायची, तो गिअर चाचपायचा. काल तर तिनं रडू लपवलंही नाही. खिडकीकडं तोंड न करता, समोर बघत, मैलोन् मैल डोळे वाहू दिले. वीबे शीळ घालत होता. माणूस शेजारी बसूनच दूर गेला, तर त्याला हाक मारायची कुठून? हिस्केनं मनाशी ठरवून टाकलं. गाडी परत करायच्या दिवशी विचारायचं, घरी गेल्यावर आपण एका छपराखाली राहणार आहोत का.

उन्हं कलताना ते गाड्यांच्या तळावर पोचले. गाडी मागं घेऊन जागेवर लावायची होती. इंजिन चालूच होतं. आपल्या बाजूचं दार उघडंच टाकून हिस्के उतरली आणि मागं उजव्या कोपऱ्याशी उभी राहिली. तिथं लाकडी टेबल रोवलेलं होतं. शेजारच्या घडीच्या खुर्चीतला म्हातारा कौतुकानं बघत होता.

"येऊ दे... येऊ दे... थांब!" तिनं हात उंच केला. उजव्या आरशात वीबेचा एकच, उजवा डोळा दिसत होता. रोखून तिच्याकडंच लागलेला.

गाडी थांबली नाही.

"थांब म्हणते ना!" तिनं दोन्ही हात हलवले. डोळा तिच्याकडं बघत राहिला आणि गाडी मागं येत राहिली. ती बाजूला उडी मारून सरली तेव्हा टेबल कडाडलं.

"बाई," म्हातारा म्हणाला, "त्या टेबलाशी तुमच्या नवऱ्याचं जुनं वैर आहे का?"

हिस्के उत्तर द्यायला थांबली नाही. गाडी परत करायच्या दिवसापर्यंत थांबायचंही नव्हतं आता. उघड्या दारातून ती तरातरा चढली, आपल्या जागेवर बसली आणि तोंड उघडलं.

वीबे डाव्या खिडकीतून बाहेर वाकला होता. "हिस्के!" तो घाबऱ्या घाबऱ्या हाका मारत होता. "हिस्के, लागलं का तुला? कुठं आहेस?" मग तो सरळ झाला, समोरच्या काचेतून बघू लागला. "हिस्के!"

ती हाताच्या अंतरावर बसली होती.

तिनं हळूच हात उचलला आणि त्याच्या उजव्या डोळ्यापुढं हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

तो दचकला. मान पुरती वळवून त्यानं तिला शोधलं आणि मग खाली बघितलं. "वसंतापासून. पडदा पडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याचं आता काही खरं नाही."

"आणि तू गाडी हाकतोयस. मागं पोर बसलीय, वीबे!"

"डावा चांगला आहे. सावकाश चालवतो."

"आत्ता मला चिरडलं असतंस!"

तो पुटपुटला, "सांगितलं असतं तर आपण आलोच नसतो. मारिट कधीची हरणं-हरणं करत होती."

"मी चालवली असती."

"हे धूड? तू?"

"चावी दे," हिस्के म्हणाली.

सकाळी ती चालकाच्या जागेवर बसली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून पुढं जात होते. "आई, गोगलगाय पण पुढं गेली बघ आपल्या!" मारिट खिदळली. हिस्केनं नजर रस्त्यावरून काढली नाही. काढायची हिंमतच नव्हती.

तिच्या ओठांजवळ काहीतरी आलं. ज्येष्ठमधाची गोळी. तिनं न बघता तोंड उघडलं.

वीबे आता उजवीकडच्या जागेवर होता, आणि ती त्याच्या डाव्या हाताला, उजेडाच्या बाजूला. गोळी देऊन झाली तरी हात मागं गेला नाही. त्याचं बोट तिच्या डोळ्याखालच्या ओल्या सुजेवर टेकलं, आणि तिथंच राहिलं.

"अगं, तू रडतेयस," तो म्हणाला. "कधीपासून?"