हिरवे खडे

"बाबा, थांबा! खडे पायाखाली घालू नका," हेडफोनमधून लेक ओरडली. "ते बघा, हिरवट. खाली तांबं असणार."

म्हातारा थांबला. म्हणजे पडद्यावरचा त्याचा बाहुला थांबला. टेकडीच्या माथ्यावर खडे पेरल्यासारखे पडले होते.

"उचलू?"

"अजिबात नाही. खडे उचलले की खूण गेली. किती वेळा सांगायचं?"

साध्या खेळात म्हणे कुठंही खणलं तरी काहीबाही हाती लागतं. पण लेकीनं त्यात मॉड बसवलं होतं, खेळाचे नियमच बदलणारं. जिथं वर खडे, तिथंच खाली धातू. बाकी सगळी मेहनत पाण्यात. हयात गवंडीकामात घालवलेल्या माणसाला हे चटकन पटलं. दगड खोटं बोलत नाही, असं तो पूर्वीपासून म्हणायचा.

त्यानं खणायला घेतलं.

बायको गेली तेव्हा त्यानं लेकीला सगळं उरकल्यावर कळवलं होतं. पोरीची परीक्षा चालू होती, बुडू नये म्हणून. त्यानंतर ती घरी आली नाही. फोनही उचलत नसे. आत्यानं फारच भरीला घातलं, तेव्हा कुठं तिनं हा खेळ पाठवला. रोज संध्याकाळी इथं भेटू, म्हणाली. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "घरी कधी येशील?"

ती म्हणाली, "तांब्याची कुदळ करा. त्या दिवशी येते."

तेव्हापासून टेकड्या पोखरणं चालू होतं.

शेजारचा शिंपी चहाचा कप घेऊन मागे उभा होता. "काय मिस्त्री, लागलं का तांबं? की नुसताच उंदीर?"

"लागेल," म्हातारा म्हणाला.

खड्डा खोल गेला, अंधारला. मध्येच दगडी कुदळ मोडली.

"थांब गं. झोपडीतल्या पेटीतून दुसरी आणतो."

"मी आणते ना. नाहीतरी तुमची झोपडी मी आतून पाहिलेलीच नाही."

"तू नको!"

तो इतक्या घाईनं बोलला की शिंप्याच्या बशीत चहा सांडला. मग स्वतःला सावरून म्हातारा म्हणाला, "घर बघायचं असेल तर खऱ्या घरी ये."



तो दुसरी कुदळ घेऊन आला आणि पुन्हा खणत राहिला. शेवटी तळाचा काळा दगड लागला. तो कुठल्याच कुदळीनं फुटत नाही.

"नाही गं, काही नाही."

"अरेरे. एवढे खडे होते! आपलं नशीबच फुटकं."

"तुझं माझं सारखंच."

"कंटाळलात का?"

"छे. तांबं लागलं की येणार ना तू?"

"शब्द दिलाय, बाबा." बोलताना तिचा आवाज उतरला. लगेच घाईनं म्हणाली, "उद्या नदीपलीकडच्या माळावर बघू. तिथं असतील खडे."

"असतीलच."

ती गेली. शिंपी कप उचलत म्हणाला, "पोर खडे मात्र बरोब्बर हुडकते हं. नजर तुझीच उचललीय."

"माझीच," म्हातारा म्हणाला.

शिंपी गेल्यावर त्यानं बाहुल्याला झोपडीत नेलं, दार लावलं आणि उद्यासाठी दगडी कुदळ काढायला पेटी उघडली. तळाशी, कातड्यांच्या खाली, एकदाही न वापरलेली तांब्याची कुदळ होती. मागे एकदा तो संध्याकाळ व्हायच्या आधीच खेळात आला होता, तेव्हा लेक नदीच्या वळणावर वाकून हिरवे खडे वेचत होती. वेचलेले खडे तिनं लांबच्या टेकडीवर नेऊन एकेक करून मांडले आणि ती निघून गेली. मग तो वळणावर गेला आणि तिनं जिथून खडे उचलले होते, नेमकं तिथंच त्यानं खणलं. तांबं हातभर खालीच होतं.