मापाची फाईल

अर्धांगवायूत गेलेली भागवतरावांची वाचा मेंदूत बसवलेल्या यंत्रामुळे परत आली, पण शुद्ध आणि गुळगुळीत होऊन. "कृपया मला चहा मिळेल का?" असं नवरा विचारू लागला, तेव्हा कलावतीबाईंना घरात कुणी पाहुणा राहायला आल्यासारखं वाटायचं. उभ्या संसारात हा माणूस कधी 'कृपया' म्हणाला नव्हता.

यंत्राच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सेटिंगच्या फाईलला हात लावू नका, मावशी. ते इंजिनिअरचं काम आहे."

"चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. हात न लावता माप जमतं होय?"

त्यांनी फाईल उघडली. 'भाषाशुद्धी'पुढे नऊचा आकडा होता, त्याचं त्यांनी थेट शून्य केलं. भागवतरावांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. ते घाबरून बायकोकडे बघत राहिले.

पण गिऱ्हाइकाने मापाला दिलेल्या ब्लाउजला त्यांनी जन्मात कात्री लावली नव्हती. फाईलचीही एक प्रत आधीच बाजूला काढून ठेवली होती. त्यांनी ती परत बसवली.

"कृपया काळजी करू नये," भागवतराव म्हणाले, आणि बाईंना रडूच फुटलं.

रडता रडता त्यांना आपली चूक कळली. शिलाई एकदम उसवायची नसते, सूतभर सैल करायची असते. त्यांनी नवाचे आठ केले, मग सात.

"रडतेस काय नुसती?" भागवतराव खेकसले. "चहा टाक की."

कलावतीबाईंनी आधी ह्या फाईलची प्रत काढून ठेवली, आणि मगच त्या चहाला उठल्या.