बाजाराच्या वेळची गवार

आमोद डोळे मिटून बसला होता, म्हणून दिग्विजयने बेल न वाजवता उघड्या दाराशी चपला हळूच काढल्या आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. बाजार उघडायला थोडाच वेळ होता.

कोथरूडच्या त्या सोसायटीत आमोदचं नाव होतं. चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ शेअरबाजारात उतरलेला माणूस. गाडी विकून बसने फिरायचा. संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा. पैसा पुरेसा झाला की माणूस आवडीची कामं करायला मोकळा होतो, असं दिग्विजयचं मत होतं. दिग्विजयची मतं फार लवकर बनत.

तो समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायचा. कंपनी हिंजवडीची, काम बहुतेक घरून. वर्ध्याहून वडिलांनी निवृत्तीचे पैसे घर बुक करायला त्याच्या हाती दिले होते. ते त्याने बाजारात लावले आणि निम्मे घालवले. दिवाळीला वडील घर बघायला येणार होते. तोवर सगळं भरून काढायचं होतं, आणि घाबरला की हात भलतंच करून बसायचा.

आमोदने डोळे उघडले. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला. पडद्याच्या तळाशी भाव पळू लागले. मग त्याने गवारीची परडी जवळ ओढली आणि शेंगा मोडायला घेतल्या.

"दादा, हे रोजचंच?"

"बाजाराच्या वेळात हात रिकामे ठेवायचे नाहीत."

"आणि मन?"

"ते उड्या मारणारच. मारू दे. आपण त्याच्या मागे जायचं नाही. श्वास येतो, जातो, तेवढं बघायचं."

"पण दादा, लॉस? कधीतरी होतच असेल ना?"

"गेल्या लक्ष्मीपूजनापासून एकदाही नाही."

दिग्विजयला टेबलावरचा साधा, बटणांचा फोन दिसला.

"तुमच्या ऑर्डरी वगैरे? यावरून?"

"पैशाचं सगळं स्वराली बघते."

"मी त्यांना हात लावू देत नाही!" स्वयंपाकघरातून स्वरालीवहिनी म्हणाल्या.

डोकं एकाचं, हात दुसऱ्याचा. याला म्हणतात शिस्त, असं दिग्विजयच्या मनात आलं. त्याला आमोदचा हेवा वाटला, अगदी उघड उघड.

"दादा, मला शिकवा ना. प्लीज."

"त्यापेक्षा सोडून दे."

"हे तुम्ही सांगताय?" दिग्विजय मोठ्याने हसला.

आमोद हसला नाही. "बरं. उद्यापासून लॅपटॉप घेऊन इथे बस. येताना मेथी आण."

दुसऱ्या दिवसापासून दिग्विजय आमोदच्या टेबलाशी बसू लागला. आधी डोळे मिटायचे, मग मेथी निवडायची. सुरुवातीला त्याला हा प्रकार म्हणजे फुकट मोलकरणीची सोय वाटला. पण हाताला माती लागलेली असली की बटण दाबायला उठून हात धुवावे लागत, आणि नळापर्यंत जाईतो निम्म्या वेळा अक्कल परत यायची. तोटा थांबला. झोप लागू लागली. वहिनींना मात्र महिनाभर मेथीखेरीज दुसरी भाजी करायला वाव मिळाला नाही.

मग तो शुक्रवार आला. दुपारी बाजार एकाएकी कोसळू लागला.

"दादा, आता वर येणार! बघा तुम्ही!" दिग्विजय उभाच राहिला. "उरलेले सगळे लावतो. एका फटक्यात रिकव्हर!"

"डोळे मीट."

"दादा, वेळ नाहीये!"

"म्हणूनच मीट."

दिग्विजयने दात ओठ खात डोळे मिटले. वडिलांचा चेहरा आला, गेला. श्वास आला, गेला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले तेव्हा बाजार आणखी खोल गेला होता आणि वर यायचं नाव घेत नव्हता. लावले असते तर सगळं गेलं असतं.

"वाचलो!" त्याने आमोदला मिठीच मारली. "बाबांचे निम्मे तरी वाचले, दादा! आणि तुमचं आज काय झालं?"

आमोदच्या परडीत गवारीचा पार चुरा झाला होता. कपाळावर घाम होता, पण चेहरा लख्ख दिसत होता.

"आज मी जिंकलो," तो म्हणाला. "इतका मोठा दिवस अजून आला नव्हता."

वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. वाटी देताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर जरा वेळ हात ठेवला.

"हे सगळं कुठे शिकलात?" दिग्विजयने विचारलं.

"बिबवेवाडीला. दर रविवारी सकाळी बसतो आम्ही. येतोस?"

रविवारी दिग्विजय इस्त्रीचा शर्ट घालून गेला. छोट्या हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. एक डॉक्टर, एक दुकानदार, कॉलेजची एक मुलगी, आणखी काही जण. वर्ग घेणाऱ्या श्यामलाताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. सगळे शांत बसले. मग त्या म्हणाल्या, "आज नवीन पाहुणे आहेत. आमोद, तुम्हीच सुरुवात करा."

आता सिस्टिम कळणार. एक शब्दही सुटू नये म्हणून दिग्विजयने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून फोन पुढे धरला. आमोदने हात लांब करून तो हलकेच बंद केला आणि उभा राहिला.

"मी आमोद. मला सट्ट्याचं व्यसन आहे. शेवटचा सौदा गेल्या लक्ष्मीपूजनाला केला, मुहूर्ताचा म्हणून. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही."