गाठ कशानं झाली

गोदाकाठी बद्रीनाथचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. बद्रीनाथच्या चुलतभावानं मयताचा मोबाइल उचलला. "ह्याच्यानंच डोक्यात गाठ झाली. गंगंत सोडतो, मंग शिवंल." नंदाबाईनं नवऱ्याचा मोबाइल हिसकावून घेतला. "भाऊजी, गाठ कशानं झाली ते डॉक्टरला सांगता आलं न्हाई. तुम्हाला बरं कळलं!" "सगळं गाव म्हणून राह्यलंय, वहिनी." "चौऱ्याऐंशी साली माझे सासरे असल्याच गाठीनं गेल्ते. तवा मोबाइल कुठं होता? तवा गावानं माझ्या सासूबाईला चेटकीण ठरवलं. वीस वर्षं त्यांच्या हातचं पाणी कुणी पेलं न्हाई!" तेवढ्यात मोबाइल वाजला. दीर दोन पावलं मागं सरकला. बाजूला बसलेली सासू उठली. "कावळा शिवंल सावकाश," ती म्हणाली. सुनेच्या हातातून मोबाइल घेऊन तिनं कानाला घट्ट लावला. "बोला. मी बद्रीची माय बोलून राह्यले."