चौथा रविवार

करकर करत सॅकची झिप लागली आणि सकाळची शांतता मोडली.

"बाबा, आज टांग मारायची नाही हं," पाठीपेक्षा मोठी सॅक चढवून लेकीनं बजावलं. जंगलातल्या धबधब्याला जायचं ठरवून ठेवलेला हा आमचा चौथा रविवार. पायवाट कुठून धरायची, पाण्यात जायचं ते फक्त घोट्यापर्यंत, सगळं नवऱ्यानं कागदावर लिहून ठेवलं होतं.

तेवढ्यात त्याच्या बचाव पथकाचा फोन आला. हलक्या आवाजात त्यानं "किती जण?" एवढंच विचारलं, दोरखंड खांद्यावर टाकला आणि माझी नजर चुकवत म्हणाला, "तिची समजूत काढ."

दार लागलं. लेक सॅक न काढताच माझ्याजवळ आली.



"आई, बाबा धबधब्यालाच गेलेत, फोनमधले काका म्हणाले ते मी ऐकलं. मग आपल्याला का नाही नेलं?"